चिकूच्या काट्यावर माझं वजन

तमाम चिखले, डहाणू आणि तलासरीकरांना, तसेच एसटीत, बाजारात व लग्नाच्या मांडवात भेटणाऱ्या सर्व हितचिंतकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाचे पोट सुखरूप आहे. ते आपल्या जागी आहे. मधल्या काळात ते गेल्याची जी बातमी पसरली होती ती निराधार असून, ती पसरविणारा मीच होतो. तरी यापुढे पोटाची चौकशी करू नये. करायचीच असेल तर माझ्या डाव्या पायाच्या शेवटच्या दोन बोटांची करावी.

या बोटांचा शोध मला लागला नाही, तो डहाणूच्या डॉक्टर मॅडमना लागला. मी गेलो होतो पोटासाठी. तलासरीला मी ज्या शाळेत शिकवतो तिथल्या स्नेहसंमेलनात माईक वर्षानुवर्षं माझ्या हातात असतो, आणि त्यासाठी खास शिवलेल्या जाकिटाचं मधलं बटण त्या वर्षी ऐन स्वागताच्या वेळी उडालं. ते प्रमुख पाहुण्यांच्या चहात पडलं असं मी सगळ्यांना सांगतो. खरं तर ते खुर्चीखाली गेलं होतं, पण चहात पडलेलं लोकांना जास्त आवडतं.

मॅडमनी पोटाकडे पाहिलंसुद्धा नाही. आठवड्यापूर्वी काढलेल्या रक्ताचा रिपोर्ट वाचला आणि म्हणाल्या, "सर, मोजे काढा."

"मॅडम, पोट वरच्या बाजूला आहे."

"मला दिसतंय ते. मोजे काढा."

त्यांनी गळाच्या दोरीसारखा एक जाडसर नायलॉनचा तुकडा काढला आणि बोटांना टोचायला लागल्या. टोचलं की 'हो' म्हणायचं. मी प्रत्येक वेळी ठणठणीत आवाजात 'हो' म्हणालो. एखादा 'हो' तर टोचण्याच्या आधीच म्हणालो.

"आता डोळे मिटा."

मिटले. बराच वेळ काही होईना. मला वाटलं, फोन आला असेल. म्हटलं, "मॅडम, करा ना सुरू."

"झालं, सर. शेवटच्या दोन बोटांना चार वेळा टोचलं."

मी हसलो. माझ्याकडे दर प्रसंगाला एक हसू तयार असतं, ते मी लावलं. पण बाहेरच्या बाकावर माझा थोरला भाऊ बसला होता. चार वर्षांपूर्वी साखरेने त्याचा उजवा पाय घोट्याच्या वरून नेला. त्याचंही सुरू झालं होतं ते बोटांपासूनच. दार अर्धवट उघडं होतं. दादा आपल्या काठीच्या मुठीकडे बघत होता.

मॅडमनी हिशेब सोपा करून सांगितला. माझी तीन महिन्यांची साखर साडेनऊ होती, ती सातच्या आसपास आणायची. गोळ्या, चालणं, वेळेवर आणि मोजकं जेवण. "वजन थोडं उतरेल, उतरू दे. पण त्याच्या मागे धावू नका. कसे दिसता त्याच्याशी मला कर्तव्य नाही. आत काय चाललंय ते बघायचंय. आणि पाय रोज तपासायचा. तीन महिन्यांनी या. नाहीतर…" त्यांनी बाहेरच्या बाकाकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं.

"आणि चिकू?"

"बंद."

चिखल्यात ज्याची दीडशे झाडांची चिकूवाडी आहे, त्याला हे वाक्य कसं लागतं ते कोणाला सांगावं? झाड माझं, फळ माझं, आणि मी खाली उभा राहून वटवाघळांचा हेवा करायचा.

एवढ्या सगळ्या बोलण्यातून मी सोयीचे तीन शब्द उचलले: वजन थोडं उतरेल. बाकीचं दवाखान्यातच राहिलं.

मॅडमच्या काट्यावर मी चौऱ्याण्णव भरलो होतो. दर आठवड्याला वजनासाठी डहाणूला कोण जाणार? आमच्या वाडीचे चिकू जिथे जातात त्या वखारीत मोठा काटा आहे. पुढच्या रविवारी क्रेट उतरवून झाले आणि मी चपला काढून काट्यावर चढलो. काटेवाला पंचवीस वर्षं त्या काट्यामागे बसलेला माणूस. आकडा वाचताना त्याचा सूर देवळात आरती सांगणाऱ्यासारखा लागतो.

"सर… नव्वद!"

"नव्वद? एका आठवड्यात चार किलो?"

"काटा खोटं बोलतो काय, सर? बराबर नव्वद."

चिकू निवडायला बसलेल्या बायकांनी हात थांबवले. त्यातली सगळ्यात वयस्कर मावशी माझ्याकडे खालून वर बघत म्हणाली, "चार किलो गेले? कुठून गेले रे? पुढून तर काय हललं नाय!"

"मावशी, आतून गेलेत."

"मंग आतच बघावं लागल," ती म्हणाली आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या.

पण मी तर हवेत होतो! डहाणू स्टेशनाजवळच्या दुकानातून मी भगव्या पट्ट्यांचे चालण्याचे बूट आणले. पुढून थोडे आवळ होते. दुकानदार म्हणाला, "सर, यात पाय कसा सडसडीत दिसतो बघा," आणि मी बघितलं, आणि खरंच दिसत होता. आवळ असल्याचं उजव्या पायाने सांगितलं. डाव्याने काहीच तक्रार केली नाही, म्हणून मी डाव्याचं ऐकलं.

मग सुरूच्या झाडांखालून समुद्राकडे जाणं-येणं, सकाळ-संध्याकाळ. वाटेत जो भेटेल त्याला आकडा सांगणं. रविवारी वखार. एकोणनव्वद. मग अठ्ठ्याऐंशी. मग परत अठ्ठ्याऐंशी. पोट मात्र अचल. जे काही जात होतं ते तोंडावरून जात होतं. गाल बसले, मान लांबली. चिखल्यात लोक म्हणायचे, "अजून पोट आहेच की." तलासरीत शाळेच्या दारात पालक हळूच विचारायचे, "सर, घरी सगळं बरं आहे ना?" एका शेतकऱ्याने तर डोंगरावरून नागलीच्या पिठाची पिशवी आणून दिली, आणि मी आजारातून उठलेला नसून हौसेने बारीक होतोय हे त्याला काही केल्या पटेना. म्हणाला, "हौसेने कोण असं तोंड करून घेतं?"

दोन आठवडे आकडा अडला, तेव्हा मी चालणं दुप्पट केलं. पाय रोज तपासायचा होता. तपासत होतो, म्हणजे आंघोळीच्या वेळी वरून एक नजर टाकत होतो. वरून माझ्या नजरेला काय दिसतं? पोट. ते ओलांडून पायापर्यंत पोचण्याचा उत्साह कोणाला?

एका बुधवारी मधल्या सुट्टीत शाळेच्या स्वयंपाकघराच्या दाराशी बूट काढून आत गेलो. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताई डाव घेऊन उभ्या होत्या. त्या माझ्या पायाकडे बघत राहिल्या.

"सर, मोज्यात बीट ठेवलंय काय?"

मी खो खो हसलो. असली कोटी मला सुचली असती तर मी ती माईकवर वापरली असती. मग खाली बघितलं. फरशीवर दारापासून माझ्यापर्यंत लाल ठसे होते, फक्त डाव्या पायाचे.

ताईंनी मला तांदळाच्या पोत्यावर बसवलं आणि मोजा स्वतःच्या हाताने उतरवला. शेवटची दोन्ही बोटं सोललेली होती. एकाच्या कडेची कातडी मोज्याबरोबर आली.

"दुखत नाय?"

"नाही."

"जरा पण नाय?"

"नाही हो, ताई."

त्यांनी स्वच्छ पाणी ओतलं, धुतलेला पंचा फाडून बांधला आणि म्हणाल्या, "हे वाईट. दुखायला पाहिजे होतं, सर." एवढ्या वेळात त्यांनी माझ्याकडे एकदाही वर बघितलं नाही. मला काहीतरी बोलून वातावरण हलकं करायचं होतं. पोत्यावर बसून, दुसऱ्याच कोणाचे तरी असावेत तसे माझेच पाय मी बघत राहिलो. ते मला काही सांगतच नव्हते. घरात चोर शिरावा आणि कुत्र्याने शेपटी हलवत बसावं, तसं झालं होतं.

घरी बायकोने बूट उचलले आणि कुठे नेले ते मी आजवर विचारलेलं नाही. पट्टी बदलायला मी डहाणूला जाऊ लागलो. दादाने एक शब्दही सुनावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा व्हायच्या आत, तो काठी टेकत आमच्या ओटीवर आला, खुर्चीत बसला आणि आपल्या मांडीवर थाप मारली.

"ठेव."

"काय ठेवू?"

"पाय ठेव. नाटकं नकोत."

त्याच्या मांडीवर माझा पाय. तेव्हापासून रोज. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन तो एकेक बोट असं उघडून बघायचा, जसं वाडीत पानामागची कीड बघतो. थोरल्या भावाच्या मांडीवर पाय ठेवायला जीव नको म्हणत होता. मी आकाशाकडे बघत बसायचो.

"हात लावला. कळतंय?"

"कळतंय."

"अजून लावलाच नाही मी."

कोणीही काही विचारलं की बरं वाटेल असं उत्तर द्यायचं, ही माझी पन्नास वर्षांची सवय. ती बोटांनीही उचलली असावी.

जखम भरेपर्यंत चालणं बंद होतं. नंतर मऊ, रुंद, अत्यंत कुरूप असे करडे बूट आले, ज्यांत माझे पाय दोन होड्यांसारखे दिसतात. नागलीची अर्धी भाकरी, भाजी, दुपारी ताक, सात वाजता जेवण संपलेलं. गोळी. दादाची मांडी. यातलं काहीही कोणाला रंगवून सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी रविवारी वखारीत मात्र जात राहिलो. तिथे निदान टाळ्या होत्या. शेवटच्या रविवारी काटेवाल्याने सूर लावला, "सर… सत्त्याऐंशी!" सात किलो! मावशीसुद्धा म्हणाली, "आता थोडं थोडं दिसाया लागलं."

तीन महिने झाले. आदल्या आठवड्यात रक्त देऊन आलो होतो. दादाला घेऊन डहाणूला गेलो. मॅडमच्या काट्यावर असा चढलो जसा बक्षीस घ्यायला चढतात.

नव्वद.

"मॅडम, तुमचा काटा बिघडलाय."

"मागच्या महिन्यात तपासून घेतलाय, सर."

"मग वखारीचा?" मी तिथूनच काटेवाल्याला फोन लावला, आणि मॅडमना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. "अरे, रविवारी माझं वजन किती होतं?"

"सत्त्याऐंशी, सर."

"इथे नव्वद दाखवतंय!"

"बराबर आहे ना, सर. दोन किलो क्रेटचे. काट्यावर ते आपोआप वजा होतात, तसंच लावून ठेवलंय. आणि एक किलो घट."

"कसली घट?"

"नरम मालाची. ती मी तोंडीच वजा करून बोलतो. सगळ्यांचीच करतो, सर. तुमची एकट्याची नाय."

"अरे, पण मी क्रेटमध्ये बसलो होतो का?"

मग तो म्हणाला, "ते माझ्या डोक्यात नाय आलं."

मॅडम टेबलावर डोकं ठेवून हसल्या. मीही हसलो. पहिल्या आठवड्यात गेलेल्या चारातले तीन किलो कधी गेलेच नव्हते. ज्यांच्या जोरावर मी ते बूट आणले होते, ते तीन किलो. तीन महिन्यांत गेले होते ते सगळे मिळून चार.

मग मॅडमनी रिपोर्ट उघडला. साखर सातवर आली होती. सात पूर्णांक एक. त्यांनी आकड्याभोवती गोल काढला आणि प्रथमच माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. "हे झालं काम. आता मोजे काढा."

डोळे मिटले. या वेळी मी आधी 'हो' म्हणालो नाही. वाट बघितली. अंगठा: हो. दुसरं: हो. तिसरं, अगदी बारीक: हो. मग काही नाही. मी मनातल्या मनात त्या दोघांना हाका मारत होतो. कूलरचा आवाज येत होता. काही नाही.

डोळे उघडले तर मॅडमनी नायलॉनचा तुकडा खाली ठेवला होता. "ही दोन अशीच राहतील बहुतेक. पण पुढे सरकलेलं नाही. जखम भरली, साखर उतरली. पाय आपल्या हातात आहे, सर."

मी हो म्हणालो.

दादा आज आत, माझ्या शेजारी बसला होता. बराच वेळ त्या गोल काढलेल्या आकड्याकडे बघत होता. त्याने विचारलं, "आणि वजन चारच किलो उतरलं? तेवढं पुरतं?"

"पुरतं. उलट तेच बरं झालं," मॅडम म्हणाल्या. "साखर वाढलेली असताना माणूस काही न करता भराभर बारीक व्हायला लागला, की मला भीती वाटते. लोकांना तो छान दिसतो, आणि आतून तो संपत चाललेला असतो."

दादा माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर राग नव्हता. बोलायचं असं त्याने ठरवलेलंही नसावं. तोंडातून निघूनच गेलं.

"आणि मी असा सुकत चाललो होतो, तेव्हा हळदीत मला बघून 'काय हिरो दिसतोस' म्हणत शिट्टी कोणी मारली होती रे? तूच ना!"