आईच्या कार्डासाठी आलेला माणूस

आई अंगणात घसरली आणि मांडीचं हाड मोडलं, तेव्हा माझा देवावर विश्वास नव्हता, माणसांवर तर नव्हताच. घराण्यातली पहिली पदवीधर मी. मला कोणी फसवू शकत नाही, हा माझा अभिमान. रत्नागिरीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करा, नाहीतर आई पुन्हा उभी राहायची नाही. खर्च ऐकून मी बँकेतली शिल्लक मोजायला लागले. सरकारी विमा गरिबांचा, नोकरीवाल्यांना कोण देतो, हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं. कोणाला विचारलंही नव्हतं.

आई खाटेवरूनच ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालत होती. तेवढ्यात शेजारच्या पेशंटला भेटायला आलेला एक कुबडीवाला गृहस्थ जवळ आला. "मावशींना सत्तर पुरी झाली ना? मग सरकारी विम्याचं आयुष्मान कार्ड निघतं. मिळकत विचारत नाहीत. आधार आहे का?" आधार म्हटल्यावर मी सावध झाले. "तुम्ही एजंट का?" तो हसला. "नाय हो ताई. माझ्या पायाचं ऑपरेशन रेशनकार्डावरच्या योजनेतनं झालं. आधी मलापण काय ठाऊक नव्हतं." आई मला म्हणाली, "देवानं धाडलंन त्याला, नि तू पोलिसासारखी काय इचारतेस?"

तरी मी आधी खाली जाऊन दवाखान्यातल्या सरकारी योजनेच्या टेबलावर खात्री केली. तो सांगत होता ते खरं होतं आणि दवाखानाही योजनेत होता. परत आले तरी मोबाईल घट्ट धरूनच. अ‍ॅप उघडताना ओटीपी आला, तर त्यानेच तोंड फिरवलं. "तो मलापण सांगू नका. तुम्हीच टाका." जन्मभर काजू सोलून आईच्या बोटांवरचे ठसे गेलेले, टेबलावरून आणलेलं मशीन ते घेईना. मग ओळख पटवायला मोबाईलला चेहरा दाखवायचं ठरलं. मी मोबाईल समोर धरताच आईने हात जोडून डोळे मिटले. "मावशी, दर्शन नाय घ्यायचं, पापण्या हलवा!" सगळा वॉर्ड हसला. आईसुद्धा.

कार्ड निघालं, मंजुरी आली, ऑपरेशन झालं. आई वॉकर धरून उभी राहिली त्या दिवशी मी त्याला शोधलं, पण त्याचा पेशंट घरी गेला होता. नाव विचारायचं मला सुचलंच नव्हतं. एजंट आहात का, एवढं मात्र सुचलं होतं.

हा चमत्कार होता का, ते मी सांगणार नाही. डोळे झाकून कोणाच्याही हाती कागद द्यावेत, असंही म्हणणार नाही. पण मला सगळं ठाऊक आहे हा ताठा सोडून एक साधा प्रश्न विचारणं, माझ्या वाट्याचं शरण जाणं एवढंच होतं, आणि तेही मला जमलं नाही. तरी देवाने उत्तर पाठवलं. त्याला माझा नमस्कार पोचो, आणि त्या माणसालाही.