वाळूतल्या गोगलगायीचं नाव

मालवणच्या समुद्रात बुडी मारली तेव्हा तळाच्या वाळूत बोटभर लांबीची, बिनशंखाची एक गोगलगाय सरकताना दिसली. तिचा फोटो समोर ठेवून तीन दिवस नावासाठी पुस्तकं चाळतोय. ठिपके जुळले की कल्ले जुळत नाहीत. डोळे चुरचुरतात, आणि खरं सांगायचं तर आता मनही विटलंय.

आज आमच्या होडीवाल्या बाबल्याकाकांना फोटो दाखवला.

"तेका नाव नाय," ते म्हणाले. "ओहोटीक वाळूत दिसता. दिसला की आमी पाय बाजूक ठेवतंव."

मी पुस्तक मिटलं. फोटो हलू नये म्हणून त्या दिवशी मी तळाच्या वाळूत दोन्ही गुडघे रोवून बसलो होतो. गुडघ्यांखाली कोण होतं, ते बघितलंच नव्हतं.