विहिरीवरची रिकामी गुंडी

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानत नाही. बीएस्सी झालेय, आणि गावात कुणाच्या अंगात आलं की मी सरळ चहा ठेवायला आत निघून जाते. तरी हे लिहितेय... ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

माझं सासर राळेगाव तालुक्यात. शेतात कापूस, तूर. घरात नळ आहे, फ्रीज आहे. पण बाळंतिणीनं सव्वा महिना झाला की शेतातली विहीर पुजायची, भरलेली गुंडी, म्हणजे पाण्याची घागर, डोक्यावर घेऊन घरी यायचं आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागायचं — ही रीत काही सुटलेली नाही.

माझी मुलगी चिमटा लावून झाली. खाली फार फाटलं होतं. टाके घातले, पण साधं खोकलं तरी लघवी सुटायची, आणि उभी राहिले की खालून काहीतरी निसटून येईल असं जड वाटायचं. दवाखान्यातल्या सिस्टरनं ओझं उचलायचं नाही म्हणून बजावलं होतं. घरी सांगितलं तर सासूबाई — आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो — म्हणाल्या, बाळंतपणात असं होतंच, दवाखाना नको. नवरा गप्प. अशा वेळी तो फार छान गप्प बसतो.

पूजेच्या दिवशी सकाळचं लख्ख ऊन होतं. विहिरीतल्या आसरांना, म्हणजे पाण्यातल्या त्या सात देवींना, हळदकुंकू वाहिलं, ओटी भरली. आत्याबाईंनी पाणी शेंदून पितळेची गुंडी भरून ओट्यावर ठेवली. मी भीतभीतच वाकले... गुंडी हलेना. वाटलं, आपल्यातच जीव नाही. मग जाऊबाईंनी हात लावला. नाही. दीर पुढे आला — कापसाची गाठोडी एकटा ट्रॅक्टरवर फेकणारा माणूस. त्याच्या गळ्याच्या शिरा फुगल्या, गुंडी जागची हलली नाही. शेवटी त्यानं लोट्यानं सगळं पाणी उपसून काढलं. रिकामी गुंडी, आणि तरी उचलेना! चिकटली असेल म्हणून मी बुडाखाली बोट घालून बघितलं. बोट खालून आरपार गेलं, कुठेही अडलं नाही.

जमलेल्या बायकांनी आत्याबाईंकडे बघितलं. त्या हळूच म्हणाल्या, "आसराईले विटाळ चालला नाही, माय. तुह्यं अंग अजून कोरडं नाही ना."

मला आधी रडू आलं आणि मग असा संताप आला की सांगता सोय नाही. दिराच्या देखत बोलले. "विटाळ नाही आत्याबाई, जखम हाय. पोरगी काढताना माह्या आतले स्नायू फाटले, मले लघवी धरता येत नाही. यात लाज कायची? मी ओझं उचलणार नाही. आणि उद्या यवतमाळले जाणार हावो, कोणी येवो का न येवो."

दीर मान खाली घालून बांधाकडे गेला. आत्याबाई ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "माह्यं तं अंगच बाहेर येते. तुह्या नवऱ्याच्या वख्तापासून. मी बी याच विहिरीवरून गुंडी नेलती."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. जाऊबाई डोळे पुसत वळल्या, त्यांचा पदर गुंडीला लागला... आणि गुंडी कलंडली. ठणठणत ओट्यावरून खाली गेली. नुसत्या पदरानं!

यवतमाळला मी आणि आत्याबाई, आम्ही दोघी गेलो. माझे टाके नीट बसलेच नव्हते, ते पुन्हा घालावे लागले. नंतर महिनोन्‌महिने व्यायाम. आत्याबाईंना तूर्त अंग वर धरून ठेवणारी रिंग बसवली. डॉक्टरबाईंना मी गुंडीचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, बाळंतपणाच्या थकव्यात भास होतात. म्हटलं, मॅडम, मग माझा दीर कधी बाळंत झाला होता?

आसरा होत्या की आणखी काही, मला खरंच माहीत नाही. बीएस्सीला हे नव्हतं. पण कुणी मला विटाळाचं कारण सांगितलं तर मी ऐकून घेणार नाही, आधीच सांगून ठेवते.

यंदा चुलत जावेची विहीरपूजा झाली. तिच्यासाठी कुणीतरी मोठी गुंडी आणली होती. आत्याबाईंनी ती बाजूला सारली आणि तिच्या हातात तांब्या दिला. एक म्हातारी कुरकुरली, रीत मोडली तर आसरा कोपतील.

आत्याबाई विहिरीकडे तोंड करून म्हणाल्या, "कोपू दे. त्याइले म्हणा, माह्याशी बोला."