मालकाच्या ताब्यातला प्रिंटर

माणूस मेला की या जगातल्या सगळ्या वस्तूंवरचा त्याचा ताबा सुटतो. कीर्तनकार हे सांगतात, वकील सांगतात, आणि स्मशानातल्या बाकावर बसलेली माणसंही तंबाखू मळत हेच सांगतात. माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा मीही मान हलवत ते ऐकून घेतलं. पुढच्या काही दिवसांत दिसलं की शेत, मोटारसायकल, मनगटावरचं घड्याळ यांच्यावरचा त्याचा ताबा खरोखरच सुटला आहे. प्रिंटरवरचा सुटला नव्हता.

आमचं गाव फुलसावंगीपासून थोडं आत आहे. भाऊ तिथं आईजवळ राहायचा, मी यवतमाळला. लग्न त्यानं केलं नाही. एका छापील कागदासाठी महागावला खेटे घालावे लागतात म्हणून त्यानं कुणाकडून तरी जुना प्रिंटर घेतला होता. त्या प्रिंटरला वायफाय वगैरे काही कळत नव्हतं; त्याला फक्त वायर होती. ती वायर भावानं बैठकीतल्या राउटरच्या मागच्या भोकात घातली, म्हणजे घरातल्या कुठल्याही लॅपटॉपवरून छापता येईल. घरात लॅपटॉप एकच होता, त्याचा. दुसरा म्हणजे मी सणावारी सोबत आणायचो तो. एवढा उपद्व्याप कोणासाठी चालला होता, हे मला तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

शेवटच्या संध्याकाळी त्याचा फोन आला. "प्रिंटरचं जमून राह्यलं भाऊ. कागद संपला म्हनून अडलं. उद्या आनतो." दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या छातीत दुखलं, आणि गाडी दाराशी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

ज्या खोलीत तो गेला तिथं आईनं दिवा लावला. दिव्याभोवती जमिनीवर पीठ पसरलं. दहाव्या दिवशी पहाटे त्या पिठात जे उमटेल त्यावरून गेलेला कोणत्या जन्माला गेला ते कळतं. तोवर त्या खोलीतली वस्तू हलवायची नाही आणि तेल घालायला आईशिवाय कोणी आत जायचं नाही. दिव्यापलीकडं त्याचं टेबल होतं. टेबलावर लॅपटॉप झाकण लावून पडला होता, चार्जरला जोडलेला, आणि त्याच्या कडेला एक बारीक हिरवा ठिपका जळत होता. खोलीत दिवे दोन आहेत, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

दरम्यान गावच्या चौकात त्याचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. लावणारे भागातले एक पुढारी होते. फ्लेक्सवर ते स्वतः होते, त्यांचे नेते होते, नेत्यांचे नेते होते, आणि शोकाकुल म्हणून दोन ओळी भरून हात जोडलेले चेहरे होते. खाली कोपऱ्यात माझा भाऊ होता. आईला धरून तिथं नेलं तर ती एकेक चेहरा तपासत गेली. "यात माह्या पोराले शोधा लागते," ती म्हणाली, आणि परत फिरली.

तिला तो एकटा हवा होता, कागदावर, हातात धरता येईल असा. माझ्या फोनमध्ये त्याचा एक चांगला फोटो होता: अंगणात बनियनवर उभा, केसात कपाशीचा धागा अडकलेला. पण आईला फोन धरता यायचा नाही. "बोट लागलं की पोरगं पळून जाते," म्हणायची.

अग्नी मी दिलेला, त्यामुळं दहावा होईपर्यंत मला गावाची शीव ओलांडायची नव्हती. म्हणून चुलतभावाला तो फोटो घेऊन स्टुडिओत पाठवलं. दहाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी तो मोठ्या उत्साहानं परत आला.

"मोठीआई, पाह्य, कसा शोभून राह्यला!"

आईनं फोटो लांब धरला, मग जवळ धरला. "हा कोन व्हय?"

"आपला बापूच व्हय ना वं."

"त्यानं जिंदगीत कधी कोट घातला, बाप्पा? टाय कोनाची व्हय ही? अन् मांगं हे पानी कायचं पडून राह्यलं?"

"धबधबा व्हय. स्टुडिओवाला फुकटच टाकून देते."

"पोरगा गेला माहा, अन् हे मले धबधबा देऊन राह्यले."

चुलतभाऊ म्हणाला, उद्या परत जातो, कोट काढायला लावतो. आई म्हणाली, उद्या लोक येतील, त्यांच्यापुढं या साहेबाला ठेवू काय? मग माझ्याकडं वळली. "घरात मशीन आहे ना. तुह्यासाठीच तं बसवली होती त्यानं."

मी यवतमाळहून आणलेला लॅपटॉप उघडला. प्रिंटरवर नारिंगी दिवा लुकलुकत होता. इतके दिवस येणारेजाणारे पाहुणे तोही विधीतलाच दिवा समजून त्याच्याकडं आदरानं बघत होते. कागद संपल्याची ती खूण. माझ्या बॅगेच्या तळाशी एक कोरा कागद निघाला. तो घातला, बटण दाबलं. प्रिंटर खाकरला आणि मी काही सांगायच्या आधीच त्यानं कागद ओढून छापायला घेतला. बाहेर आलं ते भावाचं चाचणीचं पान, त्या संध्याकाळी कागदावाचून अडलेलं. घरात दुसरा कागद नव्हता. त्याची मागची बाजू तेवढी कोरी होती.

तो कागद पालथा घालून फोटो पाठवला. काही झालं नाही. राउटरसोबतचा प्रोग्राम उघडला, तेव्हा कळलं. प्रिंटर दिसत होता, पण एका वेळी एकाच लॅपटॉपला मिळत होता, आणि तो आधीच कुणीतरी घेतला होता. घेणाऱ्याचं नाव पुढं लिहिलं होतं: मालक. माझ्या भावानं आपल्या लॅपटॉपला दिलेलं नाव.

चुलतभाऊ खांद्यावरून वाकून बघत होता. "अजून त्याच्याच जवळ आहे काय?"

"दिसतंय तसंच."

राउटर बंद करून चालू केला. दिवे एकेक करून लागले. प्रिंटर मोकळा झालेला दिसला, मी हात उचलेपर्यंत पुन्हा नाव आलं: मालक. प्रिंटरची वायर काढून घातली. मालक. पुन्हा राउटर. पुन्हा मालक.

"भाऊ, त्याले समजते काय आपन काय करून राह्यलो ते?" चुलतभाऊ हळू आवाजात म्हणाला.

"झाकण लावलं तरी जागं राहायचं, जोडणी तुटली की आपोआप परत जोडायची, असं त्यानं लावून ठेवलंय."

"मंग तं तो सोडत नाही."

राउटर कायमचा बंद केला तर छपाईच नाही. चालू ठेवला तर प्रिंटर त्याचा. वायर थेट माझ्या लॅपटॉपला लावावी तर त्याच्या बारीक भोकात ती बसत नव्हती. उपाय एकच होता, त्याचा लॅपटॉप बंद करणं, आणि तो होता दिव्यापलीकडं. मी आईला सांगितलं. तिनं खोलीच्या दाराकडं पाहिलं. मग पदर खोचला.

"तू नोको येऊ आत. तेथूनच सांग मले."

मी उंबऱ्याबाहेरून सांगत राहिलो. ती पिठाच्या कडेकडेनं भिंत धरत गेली. झाकण उघडलं तसा पडदा उजळला आणि तिच्या चेहऱ्यावर निळा उजेड पडला. लॅपटॉप पासवर्ड मागत होता. तो आता कोणालाच माहीत नव्हता.

"कोपऱ्यातलं गोल बटन दाब. दाबूनच धर."

"कव्हरलोक धरू?"

"बंद होतो तोवर."

तिनं अंगठा ठेवला. बटण सुटत होतं, ती पुन्हा दाबत होती, पडदा जळतच होता. मग ती लॅपटॉपला म्हणाली, "सोड आता, बापू. तुहा भाऊ मशीन मांगून राह्यला."

पडदा विझला. हिरवा ठिपकाही गेला. तरीही खात्री म्हणून तिनं चार्जरची वायर उपटली. वायर टेबलावरून घसरली, खाली पडली आणि पिठात एक लांब वळणदार रेघ ओढून थांबली. आईनं ती तशीच उचलून टेबलावर ठेवली.

बैठकीत प्रिंटर चालू झाला होता. लाल शाई जवळजवळ संपलेली असावी. भाऊ आला तो हिरवट, पण बनियनवर आणि केसातल्या धाग्यासकट. आईनं कागद हातात घेतला. "हाच," म्हणाली, आणि आवाज न करता रडली. ती पहिल्यांदा रडली ती तेव्हा. चुलतभावानं स्टुडिओवाला साहेब फ्रेममधून काढला आणि तिथं हा बसवला.

पहाटे जाणती माणसं खोलीत वाकली. रेघ सगळ्यांनी पाहिली. मग एकानं हात जोडले आणि नाग असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्यानं फण्याची जागाही दाखवली. सगळ्यांनी आईकडं पाहिलं. तिच्या मांडीवर फ्रेम होती.

"असंल," ती म्हणाली.

तेरवीला पुढारी आले, गाडीतून उतरले ते थेट फोटोसमोर जाऊन उभे राहिले. आपला सहकारी गेलेला नाही, नागरूपानं तो या शिवाराची राखण करतो आहे, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. मंडपात बायका डोळे पुसत होत्या. फोटोला हार घातला होता, पुढं उदबत्ती होती.

त्या फोटोच्या मागच्या बाजूला इंग्रजीत छापलेलं आहे की प्रिंटर व्यवस्थित बसवला गेला आहे.