तिसऱ्या ओळीनंतरचा थांबा

आमच्या चर्चमधला ऑर्गन पप्पा वाजवतात, असं नाशिकमधलं कुणीही सांगेल. त्यातला निम्मा आई वाजवायची, हे फक्त आमच्या घराला ठाऊक.

ऑर्गन म्हणजे नाटकातली पायपेटी नव्हे. हा गोऱ्या पाद्र्यांच्या काळात जहाजाने आलेला, भिंतीएवढा, नळ्यांचा. समोर दिसणाऱ्या सोनेरी नळ्या नुसत्या शोभेच्या. गाणाऱ्या नळ्या आत अंधारात. थोरली लाकडी नळी माझ्या दुप्पट उंच, धाकटी पेन्सिलीएवढी. पट्टी दाबली की आत लाकडाची बारीक कांब ओढली जाते, नळीखालची झडप उघडते आणि भात्यातला वारा नळीत शिरून सूर निघतो. पावसाळ्यात हे लाकूड फुगून अडून बसतं. मग पप्पा आत बल्ब पेटता ठेवतात. घरात कुणी दिवा बंद करायला विसरलं, तर मात्र आरडाओरडा.

भात्याचा दांडा ऑर्गनच्या मागे, आणि तिथे आई. शेजारी दोरीला शिशाचा गोळा टांगलेला. तो वर सरकला की वारा संपत आला समजायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी दांडा तिच्या हाती आला, तो कायमचा. उजवा हात भरून आला की ती डावा लावायची, आणि तो नेमका प्रत्येक कडव्याच्या तिसऱ्या ओळीनंतर भरून यायचा. भाता जुना, शिवणीतून गळणारा. हात बदलेपर्यंत सूर खाली बसायचा. लोकांना ते कळू नये म्हणून पप्पा तिथे पट्ट्यांवरून हात उचलायचे. हळूहळू लोकही तिथे थांबायला शिकले. बाहेरगावचे पाळक उपासना घ्यायला पाहुणे म्हणून आले की एकटेच पुढे गात सुटायचे, आणि आम्हा भावंडांना हसू आवरायचं नाही.

गेल्या वर्षी आईचा खांदा गेला. दांड्याला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. चर्चच्या मंडळीने भात्याला मोटर बसवली आणि पप्पा रुसले. मशीनबरोबर मी वाजवणार नाही, म्हणाले. आठवडेच्या आठवडे कीबोर्डवर भागवलं. मला त्यांचा मनस्वी राग आला होता. माणूस भांडणार तरी कुणाशी, तर मोटरशी!

शेवटी एका संध्याकाळी मेथी निवडता निवडता आई म्हणाली, "अहो, इतकी वर्षं मी तुमच्या पाठीमागे उभी राहिले. त्या दांड्याच्या करकरीत मला धड काही ऐकूच आलं नाही. एकदा समोर बसून ऐकू द्या."

शनिवारी पप्पा अंगणात ऑर्गन वाजवताना घालायचे बूट पॉलिश करताना दिसले, तेव्हा मी काय ते समजले.

रविवारी आई पुढच्या बाकावर माझ्या शेजारी बसली. ठेवणीतली साडी नेसली होती आणि रिकाम्या हातांचं काय करावं हे न कळून रुमाल पिळत होती. पप्पांनी नळ्या खुल्या करणाऱ्या खुंट्या ओढल्या आणि पहिला सूर थेट छातीत शिरला.

"एवढा मोठा वाजतो होय हा," ती पुटपुटली.

तिसरी ओळ संपली. वारा आता अखंड होता, थांबायचं काही कारण नव्हतं. तरी पप्पांनी हात उचलले. सगळं चर्च थांबलं. मागे मोटर एकटीच घरघरत राहिली, आणि मला रडूच फुटलं.

आईचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. तिने रुमाल उजव्या हातातून डाव्या हातात घेतला, आणि चौथी ओळ सुरू झाली.