उताराला न्यायची न्हाय

सावळाराम फिटरला बावड्यात सगळे तात्या म्हणत. ऋषिराजनं डाळिंबाच्या बागेत क्रेट वाहायला एक जुनी एटीव्ही घेतली होती, मोटारसायकलसारखं हँडल असलेली चारचाकी. ऐन तोडणीत तिचा मागचा ॲक्सल तडकला, ब्रेकही गेले. नवे पार्ट मिळेनात. तात्यांनी ॲक्सलवर लोखंडी नळी चढवून वेल्डिंग मारलं आणि ब्रेकला मोटारसायकलची केबल जोडली.

"हे कामचलाऊ हाय," त्यांनी बजावलं. "सपाटीवरच चालव. कालव्याच्या उताराला न्यायची न्हाय."

"व्हय तात्या," ऋषिराज म्हणाला. घरी मात्र तो कुणाला काही बोलला नाही.

आठवडाभर गाडी नीट चालली. मग एका दुपारी तो बाजारात गेला असताना त्याची बायको विजयमाला क्रेट भरून तीच गाडी घेऊन निघाली. कालव्याच्या उतारावर केबल तुटली, गाडी उलटली आणि तिचा पाय खाली सापडला. तो गुडघ्याखाली कापावा लागला.

तात्या इंदापूरच्या दवाखान्यात गेले. ऋषिराज खाली मान घालून उभा होता.

"ब्रेक कच्चा हाय, हे मला कुणीच सांगितलं न्हाय, तात्या," विजयमाला म्हणाली.

ऋषिराजला सांगितलं होतं, हे तात्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण या दोघांना अजून सगळा संसार करायचा होता.

"माझंच चुकलं, पोरी," ते म्हणाले. बोलल्यावर त्यांना ते खोटंही वाटेना.

आता गाव तात्यांनाच दोष देतं. दुकानात फारसं कुणी येत नाही. ऋषिराज तर त्यांना लांबून पाहिलं तरी वाट बदलतो.