न चाखलेली बरणी

अन्याय झाला तो आमच्या वाडीतल्या एका ख्रिस्ती विधवेवर. महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी, नाताळाच्या चार दिवस आधी, सकाळी. पंचनाम्यावर पहिली सही माझी होती.

तेव्हा मी मालवणच्या बाजारात दारूबंदीची पत्रकं वाटत असे. दारूचा थेंब जिभेला लावणार नाही, अशी शपथही घेतली होती. म्हणून पोलीस जमादाराने छाप्याला पंच म्हणून मलाच नेलं. तिच्या पडवीत एक चिनी मातीची बरणी होती. दारच्या माडाची माडी आंबवून ती शिरका, म्हणजे स्वयंपाकातलं व्हिनेगर, करी आणि नाताळाला घरोघर विकी. त्यावरच तिचं पोट. जमादाराने झाकण काढलं. आंबट वास सणकन नाकात गेला.

"दारूच ना?" त्याने मला विचारलं.

"शिरको तो!" ती म्हणाली. "चाख रे बाबा, एक थेंब चाख."

"माझी शपथ आहे, मावशी."

"मगे पंच म्हणान इलस कित्याक? तुझ्यापरीस माझो बोकड बरो. तो तोंड तरी लावता!"

जमादारसुद्धा हसला. मी चिडलो आणि सही ठोकली. एक बाटली नमुना म्हणून भरली, बाकीचं अंगणात ओतलं, आणि तिला चालवत नेलं.

घरी आलो तर आई माझी बाही हुंगत म्हणाली, "शिरको खंय सांडलस रे आंगार?"

तसाच चौकीवर धावलो. जमादार म्हणाला, "सही झाली. आणि माडी काढणं हाही गुन्हाच ना?"

तेव्हापासून मी स्वतःला विचारतो: माडी गुन्हा, शिरका नाही; मग तो गुन्हा बरणीत कितव्या दिवशी संपतो? बडे लोक डॉक्टरची चिठ्ठी आणून परवान्यावर उघड पितात, ते कायद्यात बसतं. मग मी पत्रकं वाटत होतो ती कोणाविरुद्ध? दारूने घरं बुडतात, हे मी आजही म्हणतो. पण हे घर माझ्या सहीने बुडालं.

नाताळ तिने कोठडीत काढला. सुटून आली तेव्हा मी माफी मागायला गेलो. तिने एवढंच विचारलं, "मगे? चाखलस?"

चाखलं नव्हतं.

तुम्हाला कोणी पंच म्हणून नेलं, तर शपथ घरी ठेवून जा. आधी चाखा. चाखायची हिंमत नसेल, तर सही करू नका.